वर्षाचं बिल, बारा हप्ते: ब्रिटनमधल्या घरगुती वीज-गॅस हप्त्यामागची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी एक गोष्ट हमखास खटकते. ऑगस्ट महिना, हीटर बंद, खिडक्या उघड्या, गॅस लागतो तो आंघोळीच्या पाण्यापुरता आणि स्वयंपाकापुरता. तरीही वीज-गॅस पुरवणारी कंपनी बँक खात्यातून जानेवारीत जेवढे पैसे काढते, तेवढेच ऑगस्टमध्येही काढते. फोन केला की उत्तर मिळतं, ‘वर्षाचा अंदाज धरून बारा सारखे हप्ते पाडले आहेत.’ उत्तर बरोबर आहे. पण हा अंदाज कोण करतं, कशावरून करतं, आणि उन्हाळ्यात जमलेले जादा पैसे तोवर कोणाकडे पडून असतात, हे या उत्तरात येत नाही. ते समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न रूप बदलून पुन्हा पुन्हा समोर येतो: उधारी कोण कोणाला देतंय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नळाने येणारा गॅस ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांची सोय होती. तीन महिन्यांचं बिल एकरकमी भरणं मजुराला झेपणारं नव्हतं, आणि आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या घराला उधारीवर गॅस द्यायला कंपन्याही राजी नव्हत्या. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नाणं टाकून चालणारा मीटर आला आणि ही अडचण सुटली. फटीत पेनी टाकायची, दांडा फिरवायचा, त्या पेनीपुरता गॅस मिळायचा. पुढे पेनीच्या जागी शिलिंग आलं आणि विजेलाही असेच मीटर बसले. गरिबांच्या घरात गॅसची शेगडी पोचली ती या मीटरमुळे.

या मीटरमधला दर मुद्दाम थोडा चढा लावलेला असे. ठरावीक दिवसांनी वसुली करणारा माणूस यायचा, जिन्याखालच्या कपाटातल्या मीटरची पेटी उघडायचा आणि सगळी नाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायचा. घरातल्या बाईसमोर नाण्यांच्या चळती लावायचा, रीडिंगवरून खरा हिशेब मांडायचा, कंपनीचे पैसे पिशवीत टाकायचा आणि जादा निघालेली नाणी तिथल्या तिथे तिच्या हातात परत द्यायचा. अनेक घरांत या परतीच्या पैशांची वाट पाहिली जाई; न ठरवता झालेली ती बचतच होती. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. पैसे आगाऊ घेतले जात होते, दरही चढा होता, गरिबाला गॅस महाग पडत होता, हे सगळं खरंच. पण हिशेब तिच्या डोळ्यांसमोर होत होता आणि जादा घेतलेला पैसा त्याच टेबलावर परत येत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही उद्योग सरकारी झाले. वीज १ एप्रिल १९४८ रोजी, गॅस १ मे १९४९ रोजी. विभागवार मंडळं आली आणि सर्वसाधारण ग्राहकाला दर तिमाहीला बिल येऊ लागलं. रीडिंग घेणारा येऊन जायचा, मग बिल, मग भरणा. घराला कुलूप असलं तर अंदाजे आकडा टाकून बिल यायचं आणि पुढच्या खेपेला दुरुस्त व्हायचं. या पद्धतीत उधारी मंडळ देत होतं. ग्राहक आधी जाळायचा, पैसे नंतर द्यायचा. ज्यांना एकदम भरणं जड जाई, त्यांच्यासाठी मंडळांच्या शोरूममध्ये बचतीचे स्टॅम्प मिळायचे; दर आठवड्याला थोडे घ्यायचे आणि बिल आलं की तेच द्यायचे. वर्षाचा अंदाज काढून महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याच्या योजनाही तेव्हापासून होत्या.

त्या योजनांची खरी गरज भासू लागली ती उत्तर समुद्रातल्या गॅसमुळे. पूर्वीचा गॅस कोळशापासून बनायचा आणि मुख्यतः स्वयंपाकाला, पाणी तापवायला लागायचा, त्यामुळे वापर वर्षभर बराचसा सारखा. १९६५ मध्ये समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभर घरोघरी जाऊन शेगड्या आणि उपकरणं या नव्या गॅसजोगी करून दिली गेली. स्वस्त गॅस आल्यावर कोळशाच्या शेकोट्या विझल्या आणि प्रत्येक खोलीत रेडिएटर आले. आता हिवाळ्यातला वापर उन्हाळ्याच्या कितीतरी पट झाला. थंडीच्या तिमाहीचं बिल घराचं गणित कोलमडवू लागलं. आजचा समान हप्ता या रेडिएटरच्या पोटी जन्मला आहे असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

हप्ते वसूल करण्याचं साधन दुसऱ्याच धंद्यातून आलं. १९६४ मध्ये युनिलिव्हर कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅलिस्टर हँटन यांनी आइस्क्रीम विक्रेत्यांकडून येणं वसूल करण्यासाठी डायरेक्ट डेबिटची, म्हणजे देणेकऱ्याच्या बँक खात्यातून पैसे थेट काढून घेण्याची पद्धत बसवली. तोवर बँकेला कायमची सूचना देता यायची, पण त्यात रक्कम ग्राहकाने ठरवलेली असे आणि ती तोच बदलू शकत असे. डायरेक्ट डेबिटमध्ये ही बाजू उलटली. रक्कम मागणारा ठरवतो आणि आगाऊ कळवून बदलूही शकतो. चूक झाली तर बँकेने पैसे परत करायचे, अशी हमी सोबत दिलेली आहे, म्हणून लोक धजावले. तरीही आकडा बदलायची किल्ली कंपनीच्या हातात गेली, आणि आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

१९८६ मध्ये ब्रिटिश गॅसचं खासगीकरण झालं, १९९० मध्ये विभागीय वीज कंपन्या विकल्या गेल्या. १९९६ ते १९९९ दरम्यान टप्प्याटप्प्याने घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडायची मुभा मिळाली. गॅस आणि विजेचे दोन वेगळे नियामक होते; ते १९९९ मध्ये एकत्र येऊन ऑफजेम झाला. (इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरती ही गोष्ट; उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी.) स्पर्धा सुरू होताच कंपन्यांनी डायरेक्ट डेबिटवाल्यांना स्वस्त दर देऊ केला, कारण वसुलीचा खर्च आणि बुडीताची भीती दोन्ही कमी. ग्राहक त्या बाजूला वळले. आणि कोणी गाजावाजा न करता उधारीची दिशाही बदलली: आता उन्हाळाभर ग्राहक कंपनीला पैसे वापरायला देऊ लागला.

आज हप्ता ठरतो तो असा. वर्षाचा वापर किती युनिट होईल याचा अंदाज घ्यायचा, त्याला युनिटच्या दराने गुणायचं, रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो लागणारा ठरावीक आकार) ३६५ दिवसांचा धरायचा, ५ टक्के व्हॅट लावायचा, खात्यात आधीची बाकी (देणं) किंवा शिल्लक (जमा) असेल तर ती जमेस धरायची आणि बाराने भागायचं. गणित शाळकरी पोराला जमेल असं आहे. पेच आहे तो पहिल्या आकड्यात. जुना ग्राहक असेल तर गेल्या वर्षीची रीडिंग्ज हाताशी असतात. नवा असेल तर त्या घराच्या मीटरच्या नावे नोंदलेला वार्षिक अंदाज घेतात; गॅसचा असा आकडा थंडी कमी-जास्त पडल्याचा परिणाम वजा करून काढलेला असतो. पण तो आकडा घराचा असतो, त्यात राहणाऱ्या माणसांचा नसतो. आधी तिथे एकटे आजोबा राहत असतील आणि आता तान्ह्या मुलासकट चौघं आले असतील, तर पहिला हप्ता चुकणारच. गॅसचा मीटर तर घनमीटर किंवा घनफूट मोजतो आणि बिल किलोवॅट-तासात, म्हणजे युनिटमध्ये येतं, त्यामुळे जुन्या घनफुटाच्या मीटरवरचा आकडा घनमीटर समजून नोंदवला गेला तरी हिशेब पार बिघडतो.

अंदाज अचूक असला तरी सुरुवातीचा महिना किती फरक पाडतो, ते एका कल्पित घरावरून पाहू. एप्रिलपासून मार्चपर्यंत वापर महिनावार असा धरू: १४०, १००, ८०, ७०, ७०, ९०, १४०, २००, २५०, २६०, २२० आणि १८० पौंड. बेरीज १,८००, म्हणून हप्ता १५०. हे खातं एप्रिलमध्ये उघडलं, तर ऑक्टोबरअखेर ३६० पौंड शिल्लक जमते, हिवाळ्यात ती विरत जाते आणि मार्चअखेर शून्य होते. वर्षभरात एकदाही बाकी राहत नाही. तेच घर, तोच वापर, तोच हप्ता, फक्त खातं नोव्हेंबरमध्ये उघडलं, तर मार्चअखेर ३६० पौंडांची बाकी चढते आणि ती फिटायला पुढचा ऑक्टोबर उजाडतो. दोघांनीही वर्षात सारखेच पैसे भरले. पण मार्चमध्ये आढावा घेणारी संगणक प्रणाली दुसऱ्या खात्यावर ‘थकबाकी’ पाहते आणि हप्ता वाढवते, आणि घरात भीती पसरते. त्या घरातल्यांचा दोष एवढाच की त्यांनी घर हिवाळ्याच्या तोंडावर बदललं. उलट बाजूलाही तेच लागू: ऑक्टोबरातली शिल्लक पाहून ‘कंपनीने लुटलं’ म्हणत सगळी काढून घेतली, तर फेब्रुवारीत तोच माणूस अडचणीत येतो. शिल्लक किंवा बाकी पाहताना कॅलेंडर समोर ठेवावंच लागतं.

मग २०२१ आलं. घाऊक बाजारात गॅसचे भाव भडकले आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून पंचवीसहून अधिक पुरवठादार बुडाले. त्यांतल्या कित्येकांनी पुढच्या हिवाळ्याचा गॅस आगाऊ खरेदी करून ठेवलाच नव्हता, आणि ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लक हेच खेळतं भांडवल म्हणून वापरलं होतं. नियमाप्रमाणे ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराकडे सोपवले गेले, त्यांची शिल्लक सुरक्षित राहिली. पण ते पैसे कुठून तरी यायलाच हवे होते. ते आले सगळ्यांच्या बिलांतून. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२२ मध्ये बुडालेल्या कंपन्यांचा खर्च सुमारे २७० कोटी पौंड, म्हणजे ग्राहकामागे ९४ पौंडांच्या आसपास धरला. त्यात या शिलका भरून देण्याचा खर्चही होता. शिस्तीत बिल भरणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या जुगाराची किंमत मोजली. याचा राग यायलाच हवा.

जानेवारी २०१९ पासून दरावर कमाल मर्यादा आहे, पण तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. मर्यादा असते ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर. बातम्यांत येणारा वार्षिक आकडा सरासरी वापराच्या घरासाठी असतो. जास्त जाळलं तर बिल त्यापुढे जातं. हा आकडा सुरुवातीला १,१३७ पौंड होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७, एप्रिल २०२२ मध्ये १,९७१, आणि ऑक्टोबर २०२२ साठी जाहीर झाला ३,५४९. शेवटी सरकारने मध्ये पडून सरासरी घराचं बिल वर्षाला २,५०० च्या आसपास राहील असा दर बांधला आणि त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला सहा महिन्यांत मिळून ४०० पौंड दिले.

या उलथापालथीत हप्ते किती वाढवायचे, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर गेलं. फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ मधले हप्ते ऑफजेमने तपासले तेव्हा पाच लाखांहून अधिक ग्राहकांचा हप्ता दुपटीपेक्षाही जास्त वाढवलेला आढळला. एप्रिलमधली दरवाढ ५४ टक्क्यांची होती. काहींची आधीची बाकी असेल, काहींचा स्वस्त करार संपला असेल, हे मान्य. तरीही नियामकाला कंपन्यांना ही खाती पुन्हा तपासायला सांगावं लागलं, आणि काही कंपन्यांच्या हप्ता ठरवण्याच्या पद्धतीतच दोष निघाले.

नियम मुळात ग्राहकाच्या बाजूचा आहे. परवान्याच्या अटींनुसार हप्ता कंपनीकडे असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर ठरला पाहिजे, तो कसा काढला हे साध्या भाषेत सांगितलं पाहिजे आणि ग्राहकाने मागितली तर शिल्लक परत केली पाहिजे. परत करायची नसेल तर त्याला रास्त कारण हवं. कंपनीच्याच चुकीने बिल राहिलं असेल, तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत, ही सोय २०१८ पासून झाली. ग्राहकांच्या शिलका वेगळ्या खात्यात बंदिस्त ठेवायची सक्ती करावी का, यावर संकटानंतर बराच खल झाला. ऑफजेमने सरसकट सक्ती केली नाही. त्याऐवजी पुरवठादारांनी स्वतःचं पुरेसं भांडवल बाळगावं अशी अट घातली. माझ्या मते हा अर्धा उपाय आहे. भांडवल कंपनीला सावरतं, पण ऑगस्टमधले माझे पैसे माझेच राहतील याची खूण त्यातून मिळत नाही.

रीडिंग आपोआप कंपनीला कळवणाऱ्या स्मार्ट मीटरमुळे अंदाजे रीडिंगची सबब बरीचशी संपली आहे. दर महिन्याला खऱ्या वापराचं बिल लावून तेवढेच पैसे काढण्याची पद्धतही काही कंपन्या देतात. जानेवारीचं बिल पेलायची तयारी असेल त्याला ती बरी. समान हप्ताच हवा असेल, तर कंपनीला फोन करताना तीन आकडे विचारावेत: वर्षाला किती किलोवॅट-तास धरले आहेत, कोणत्या दराने, आणि येत्या मार्चअखेर खात्यात किती शिल्लक राहील असा हिशेब आहे. मीटरचं आजचं रीडिंग आधी लिहून घ्यावं आणि मगच नंबर फिरवावा.