नक्कल चुकते, तारीख सापडते

आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ चहा पिताना शेजारच्या गृहस्थांनी निकालच देऊन टाकला: "एचआयव्ही देशभर पसरवला तो या ड्रायव्हर लोकांनी." मुंबई-आग्रा महामार्ग समोर धडधडत असताना असं सुचणं सोपं आहे. पण या विषाणूच्या प्रवासाची नोंद त्याच्या स्वतःच्याच अंगावर असते.

पोथी हाताने उतरवायची आहे असं धरा. मूळ ओळ, 'रामकुंडावर दिवे लागले'. एकाने चुकून 'रामकुंडावरी' लिहिलं. त्याच्यावरून ज्यांनी उतरवलं त्या सगळ्यांकडे 'री' गेला. त्यातल्या एकाने पुढे 'लागले'चं 'लागती' केलं. आता 'रामकुंडावरी दिवे लागती' असं सुटं पान सापडलं, तर ते कोणत्या घराण्यातलं हे लगेच कळतं. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद असेच लावतात.

एचआयव्हीची पोथी म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, सुमारे 9,700 अक्षरांचा. त्या पोथीची आरएनएवरून डीएनएत नक्कल करणारं विकर (एन्झाइम) वेंधळं. लिहिलेलं तपासत नाही. उपचार नसलेल्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, म्हणजे चुकांना तोटा नाही. (एकाच औषधाला तो दाद देईनासा होतो तो यामुळेच, म्हणून सहसा तीन औषधं एकत्र देतात. 'मुळासकट काढतो' म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्याला हे विचारून बघा.)

चुका साधारण ठरावीक वेगाने साचतात, आणि त्याचंच घड्याळ होतं. समजा, हजार अक्षरांत वर्षाला दोन बदल. दोन रुग्णांच्या विषाणूंत त्याच हजार अक्षरांत ऐंशी फरक निघाले, तर चाळीस वर्षं? नाही. बदल एकाच पूर्वजापासून फुटलेल्या दोन्ही फांद्यांवर साचले, म्हणून वर्षाला चार. समान पूर्वज वीस वर्षांपूर्वीचा. खऱ्या हिशेबात एकाच जागी दोनदा झालेले बदल आणि दोन विषाणूंची झालेली सरमिसळही धरावी लागते. वेग ठरवायला तारीख माहीत असलेले जुने नमुने लागतात. आफ्रिकेत काँगोमधल्या किन्शासातला 1959 चा रक्तनमुना त्यातलाच. अशा नमुन्यांवरून जगभर पसरलेल्या मुख्य गटाचा पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे गेला.

भारतात पहिली प्रकरणं 1986 मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत सापडली. आपल्याकडचा बहुतेक विषाणू 'सी' उपप्रकाराचा. त्याचे नमुने वंशावळीच्या झाडावर मांडले, तर बरेचसे आफ्रिकेतल्या 'सी'मधून फुटलेल्या एका फांदीवर गोळा होतात, आणि तिचा पूर्वज 1970 च्या आसपासचा निघतो. म्हणजे निदानाच्या सुमारे दीड दशक आधीचा. तो भारतात आला त्याच वर्षी, असं मात्र नाही. पूर्वज बाहेरच होऊन गेलेला असू शकतो.

आणि त्या गृहस्थांचे ड्रायव्हर? झाडावर फक्त ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्याच फांद्या येतात. महामार्गावर शिबिरं जास्त भरली, तर ड्रायव्हर जास्त दिसणारच. दोघांचे विषाणू अगदी जुळले तरी कुणाकडून कुणाला, हे त्या जुळण्यावरून ठरत नाही. दोघांनाही तो तिसऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि त्या तिसऱ्याचं रक्त कुणी घेतलेलंच नसतं.