जुना मार, सकाळचे जोर आणि मनगटातली बिनस्नायूंची रांग

"मनगट कच्चं आहे तुझं. रोज जोर मार, आपोआप पक्कं होईल." तालमीत, जिममध्ये, बागेतल्या योगवर्गात हे वाक्य इतक्या खात्रीने फेकलं जातं की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. बहुतेकांची कथा सारखी असते. दोन-चार वर्षांपूर्वी दुचाकीवरून किंवा ओल्या फरशीवर पडताना हात टेकला, आठवडाभर सूज राहिली, उतरली, आणि 'मुरगळलं होतं' म्हणून विषय संपला. एरवी काही त्रास नाही; पण तळहात जमिनीवर टेकून अंगाचा भार टाकला की मनगटाच्या मागच्या बाजूला कळ येते. मग घरातून दुसरा सल्ला येतो: जुना मार आहे, व्यायामाच्या भानगडीत पडू नकोस.

हे दोन्ही सल्ले मनगटाला दंड किंवा पोटरीसारखं समजतात. स्नायू वाढवले की सगळं सुधारेल, नाहीतर वापरलं की झिजेल. मनगट तसं बांधलेलंच नाही, आणि ते कसं बांधलं आहे हे कळलं की कुठला व्यायाम चालेल नि कुठला टोचेल, याचा अंदाज बराचसा आपला आपल्याला येतो.

मनगटात 8 छोटी हाडं असतात, चार-चारच्या दोन रांगांत. बोटांकडची रांग तळहाताच्या लांब हाडांशी घट्ट बांधलेली. मनगट वाकवणारे स्नायू असतात कोपराजवळ. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगट ओलांडून पुढे जातात आणि मुख्यतः तळहाताच्या हाडांना चिकटतात. म्हणजे स्नायू ओढतो तेव्हा तळहात हलतो आणि त्याबरोबर पुढची रांग हलते. कोपराकडची रांग मात्र विलक्षण आहे. तिच्यातल्या स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम या तीन हाडांना मनगट हलवणारा एकही स्नायू जोडलेला नाही. (चौथं वाटाण्याएवढं हाड करंगळीकडच्या एका कंडरेतच बसलेलं असतं, त्याला या गोष्टीतून वगळू.) संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये दादरला चढलेल्या माणसाला स्वतः चालावं लागत नाही, गर्दीच त्याला आत-बाहेर नेते. ही तीन हाडं तशीच, शेजाऱ्यांच्या रेट्याने हलतात.

मग भार आला की ती कोसळत का नाहीत? मला मनगटातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. अंगठ्याकडचं स्कॅफॉइड दोन्ही रांगांमध्ये तिरकं, पुलासारखं पडलेलं असतं. भार आला की ते तळहाताकडे वाकू पाहतं. करंगळीकडच्या ट्रायक्वेट्रमवर शेजारचं हाड अशा कलाने दाब देतं, की ते नेमकं उलट, मागच्या बाजूला कलू पाहतं. ल्युनेट दोघांच्या मधे, दोन्हीकडे आखूड आणि चिवट अस्थिबंधांनी, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांनी, बांधलेलं. एक शेजारी पुढे ओढतो, दुसरा मागे. दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात म्हणून ल्युनेट सरळ राहतं आणि अख्खी रांग स्थिर राहते. इथे स्थैर्य स्नायूंच्या ताकदीपेक्षा या रस्सीखेचीतून येतं.

आता स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधला अस्थिबंध फाटला असं धरा. पडताना हात टेकण्याच्या अपघातात हेच घडू शकतं. स्कॅफॉइड मोकळं होऊन पुढे वाकतं, ल्युनेट ट्रायक्वेट्रमच्या नादाने मागे कलतं, आणि रांगेचा मेळ बिघडतो. मनगटाच्या अस्थिरतेची ही मांडणी रोनाल्ड लिनशाइड, जेम्स डोबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली केली; त्याआधी यातलं बरंचसं 'मुरगळणं' या एकाच गाठोड्यात बांधलं जात होतं. आपल्याकडे अजूनही बांधलं जातं.

अर्धवट फाटलेला अस्थिबंध साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, कारण हात टेबलावर निवांत पडलेला असतो. मूठ घट्ट आवळून एक्स-रे काढला तर चित्र बदलू शकतं. मूठ आवळताना बोटांच्या कंडरा मनगटावरून ताणल्या जातात आणि पुढच्या रांगेतलं मधलं कॅपिटेट नावाचं हाड कोपराकडे, नेमकं स्कॅफॉइड आणि ल्युनेटच्या सांध्याच्या दिशेने रेटलं जातं. बंध ढिला असेल तर फट रुंदावते. ती 3 मिलिमीटरहून जास्त दिसली तर डॉक्टरांचे कान टवकारतात. या फटीला टेरी-थॉमस या इंग्रज विनोदी नटाचं नाव आहे, कारण त्याच्या पुढच्या दातांत अशीच फट होती.

यातून व्यायामाबद्दल एक अडचणीचं सत्य निघतं. मनगट 'पक्कं' करायला लोक पहिली गोष्ट घेतात ती स्प्रिंगचा हँडग्रिप. मूठ आवळण्याचा रेटा जर याच सांध्यावर येत असेल, तर बंध ढिला असलेल्या माणसाला हँडग्रिप दाबत बसणं अंगाशी येऊ शकतं. मार्क गार्सिया-एलियास आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या हातांमधल्या कंडरांना वजनं लावून, कुठला स्नायू हाडांना कुठे वळवतो हे पाहिलं. तळहाताच्या बाजूने अंगठ्याकडे जाणारा मनगट वाकवणारा स्नायू स्कॅफॉइडला अशा दिशेने फिरवतो की फट मिटायला मदत होते. हाताच्या मागच्या बाजूने अंगठ्याकडे जाणारा लांब स्नायूही मदतीचा. करंगळीकडे मागून जाणारा मात्र पुढची रांग उलट फिरवतो आणि फट वाढवतो. थोडक्यात, सगळे स्नायू सरसकट बळकट करणं हे ध्येयच चुकीचं ठरू शकतं.

आणखी एक गंमत. हातोडी उगारून खिळा ठोकताना मनगट आधी अंगठ्याकडे-मागे आणि मग करंगळीकडे-पुढे, असं तिरकं फिरतं. सीमारेषेवरून चेंडू फेकतानाही तसंच. या तिरक्या वाटेवर बहुतेक हालचाल दोन रांगांच्या मधल्या सांध्यात होते. कोपराकडची रांग जवळजवळ जागेवर राहते. म्हणून हात हलवायला सुरुवात करताना अनेक हँड थेरपिस्ट सरळ पुढे-मागे करण्याऐवजी ही तिरकी हालचाल देतात, बिनवजनाची.

आता जोर. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे 64 टक्के भार आढळला. गुडघे टेकले तर 49 टक्के, आणि पाय जमिनीवर ठेवून हात सुमारे 60 सेंटिमीटर उंचीवर टेकले तर 41 टक्के. 65 किलोच्या माणसाच्या एकेका मनगटावर, अनुक्रमे, साधारण 21, 16 आणि 13 किलो. आपले तालमीतले जोर झोक्याचे असतात, तेव्हा तिथे आकडा क्षणोक्षणी बदलणार.

पण माझ्या मते भारापेक्षा कोन महत्त्वाचा. बहुतेकांचं मनगट स्वतःच्या ताकदीने मागे 70 अंशांच्या आसपास वळतं. तळहात जमिनीवर आणि खांदा बरोबर त्यावर असेल तर 90 अंश लागतात. वरचे अंश शरीराचं वजन जबरदस्तीने काढून घेतं, आणि तेव्हा स्कॅफॉइडच्या मागच्या कडेला चिमटा बसतो. सूर्यनमस्कारात पर्वतासन अनेकांना सोसतं, कारण तिथे हात तिरका असतो. खांदे मनगटावर आले की कळ येते. दुखतं कुठे हे असं बघितलं तर उपाय स्वस्त आहे. लाकडी ठोकळे किंवा डंबेल धरून जोर मारले की मनगट सरळ राहतं. मुठीवरही चालतं, सवय असेल तर. भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून भार कमी होतोच, शिवाय कोनही शरीर पुढे-मागे सरकवून ठरवता येतो. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट नेहमीसारखं असेल, तर मात्रा बरोबर. सकाळी जास्त आखडलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. ऊतींना ताण हवाच असतो. हात महिनोन्महिने झोळीत ठेवून कुणाचं मनगट सुधारलेलं नाही.

तांब्याच्या कड्याचंही सांगून टाकतो, कारण विषय निघाला की कुणीतरी ते काढतंच. ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली संधिवाताच्या 70 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तांब्याचं कडं, चुंबकाचे पट्टे आणि चुंबक नसलेला पट्टा आलटून पालटून वापरून पाहिले; वेदना आणि सूज यांवर कड्याचा किंवा चुंबकाचा वेगळा परिणाम दिसला नाही. आजार वेगळा, हे मान्य. पण फाटलेला अस्थिबंध तांब्यामुळे जुळेल असं मानायलाही काही आधार नाही. हेच कोलॅजनच्या महागड्या डब्यांबद्दल. आणि हाडवैद्याकडून 'नस बसवून' घेण्याआधी एक्स-रे काढाच, कारण शंका फक्त अस्थिबंधाची नसते. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून आत येतं आणि कोपराकडे वाहतं. मधोमध चीर गेली तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हाड जुळत नाही, आणि ही चीर पहिल्या एक्स-रेत चुकूही शकते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर वर्ष उलटलं असलं तरी तपासून घ्या.

भार टाकल्यावर दुखऱ्या आवाजासह खट्‌कन काहीतरी सरकत असेल, पकड कमी होत चालली असेल किंवा अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री बधिर होत असतील, तर जोर थांबवून हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जावं. दोन्ही हातांचा, मूठ आवळलेला एक्स-रे मागावा. काहींच्या मनगटात फट जन्मतःच रुंद असते, आणि दुसरा हात शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही. गरज पडली तर पुढे एमआरआय. पूर्ण फाटलेला बंध शस्त्रक्रियेने शिवायचा तर लवकर गेलेलं बरं. काही महिन्यांनी त्याची टोकं आक्रसतात आणि मग शिवण्याऐवजी दुसरीकडची कंडरा घेऊन नवा बंध करावा लागतो.