ख्रिस्ती विश्वासातल्या शंका आणि अवघड प्रश्न

देवाबद्दल, येशूबद्दल, पवित्र शास्त्राबद्दल किंवा मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) शिकवणीबद्दल विश्वास ठेवणाऱ्यालाच जो प्रश्न पडतो त्याला इथे शंका म्हटलंय. बाहेरच्या माणसाने घेतलेला आक्षेप हा वेगळा विषय. हा माणूस आतलाच, रविवारी उपासनेला येतो, गीतं म्हणतो, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतो आणि घरी जाताना बायकोला म्हणतो की आजचं काही मला पटलं नाही बघ. सातारा, वाई, सांगली, मिरज इथल्या अमेरिकन मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय, फक्त उघड बोललं जात नाही. "शंका घेऊ नको, प्रार्थना कर" इथं बहुतेकदा विषय मिटतो.

पण असं मिटवणं शास्त्राला धरून नाही. बायबलमध्येच शंका घेणारे ढिगाने सापडतात. ईयोबाचं सगळं पुस्तक म्हणजे देवाशी घातलेला वाद, आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर, ज्यांच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात किती वेळ ओरडू म्हणून विचारतो. 150 स्तोत्रांतला जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने स्वतः येशूला बाप्तिस्मा दिला, तो तुरुंगातून निरोप पाठवतो की येणारे ते आपणच ना, का आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची? मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका", आणि एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचं पोरगं बरं होतं. येशू पुन्हा उठलाय हे स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा शिष्याला तर सगळेच नावं ठेवतात पण येशूने त्याला हाकललं नाही, बोट पुढे कर म्हणाला. उलट बाजूने याकोबाच्या पत्रातलं वचन आहे, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा हेलकावतो म्हणून, आणि मंडळीत तेच सगळ्यांना तोंडपाठ. यहूदाच्या छोट्या पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा असं लिहिलंय ते कुणाला आठवत नाही.

गुड फ्रायडेला दुपारी 12 ते 3 उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यात पंच (मंडळीचा कारभार बघणारे) असतात, महिला मंडळातली एखादी ताई असते, तरुण संघाचा पोरगा असतो. चौथा उद्गार "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा सगळ्यात अवघड. तो ज्याच्या वाट्याला येतो तो बहुतेक दोन मिनिटांत सांगून टाकतो की जगाचं पाप अंगावर होतं म्हणून पित्याने तोंड फिरवलं, आणि मग पापक्षमेवर वळतो. खरं तर ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि देवाच्या पुत्राच्याच तोंडी "का" आलाय, तिथे जरा थांबायला काय हरकत आहे!

मराठी ख्रिस्ती लोकांचा इतिहास काढला तरी हेच दिसतं. नीलकंठशास्त्री गोरे यांनी 1848 साली बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले, षड्दर्शनांचं, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा शाखांचं, खंडन लिहिलं, एवढा मोठा पंडित पण शंकांनी त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला आणि लगेच त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून), ख्रिस्ताच्या देवत्वावरून तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून चांगलीच जुंपली. मी शास्त्र स्वतः वाचून ठरवणार, चर्च सांगतं म्हणून मान्य करणार नाही, असा बाईंचा एकूण सूर. पुढे याच बाईंनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तर साताऱ्याशीच जोडलेले. 1895 ला बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येशूचे शिष्य म्हणून चालणार होते. टिळकांना शंका येशूबद्दल नव्हती, मिशनच्या साहेबी साच्याबद्दल होती, आणि हा फरक आजही लोकांच्या लक्षात येत नाही, संस्थेवर प्रश्न विचारला की विश्वास ढळला असंच धरतात. दरबार टिळकांच्या मागे फार टिकला नाही, 1919 च्या मे महिन्यात ते वारले.

इकडचे प्रश्न पुस्तकी कमी आणि घरातले जास्त असतात. पहिला म्हणजे पूर्वजांचा. पणजोबांनी येशूचं नावही ऐकलं नव्हतं, ते नरकात गेले का? बाप्तिस्म्याआधीच्या सगळ्या पिढ्यांचा हिशोब यात येतो. आणि पाळकसाहेबांचेही (मंडळीच्या धर्मगुरूंचेही) पणजोबा त्यातलेच, त्यामुळे उत्तर बहुतेक "न्याय देवाच्या हातात" असं येतं. मला विचाराल तर हेच प्रामाणिक उत्तर आहे.

दुसरा प्रश्न आजारपणाचा आणि तो मिरजेत फार टोचतो. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून औषध आणि प्रार्थना एकाच आवारात नांदतात, वॉर्डात नर्स इंजेक्शन देते आणि तीच डोळे मिटून प्रार्थनाही करते. अडचण येते ती प्रार्थनेने आजार बरे करायच्या आरोग्य सभांमुळे, तिथे स्टेजवरून सांगतात की विश्वास असेल तर बरं होशील, मग जो बरा होत नाही त्याने काय समजायचं, आपलाच विश्वास कमी पडला? आजार एक आणि वर हा दोष. जुने पंच अशा वेळी प्रेषित पौलाच्या अंगातल्या काट्याची, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासाची, आठवण देतात, तीनदा विनंती करूनही तो काढला गेला नाही.

संकटाचा प्रश्न त्याचाच मोठा भाऊ. 1755 साली सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी लिस्बनला भूकंप झाला, चर्चं माणसांनी भरलेली असताना कोसळली, आणि युरोपभर वाद पेटला की देव चांगला आहे तर हे का. आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. शिक्षा म्हणणारे तेव्हाही निघाले, पण लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेले 18 जण इतरांपेक्षा पापी नव्हते असं येशू स्वतः सांगतो, त्यामुळे शिक्षेची थिअरी तिथेच बाद व्हायला हवी.

कॉलेजला गेलेली पोरं वेगळंच काढतात, उत्क्रांती, उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायातला निर्मितीचा वेगळा क्रम, येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गळफास घेऊन मेला की पडून पोट फुटून. मार्कच्या शेवटच्या 12 ओव्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाहीत हे पाळक सेमिनरीत शिकून आलेले असतात पण व्यासपीठावरून सांगत नाहीत, मंडळी बिथरेल म्हणून, मग तेच पोरगं यूट्यूबवर ऐकतं आणि त्याला वाटतं आपल्यापासून लपवलं. यात सगळ्यात जास्त नुकसान पाळकांचं होतं.

प्रश्न विचारायची खरी जागा म्हणजे घरची प्रार्थनासभा, चहा आल्यानंतरची. उपासनेत कुणी हात वर करत नाही. काही मंडळ्यांत तरुण संघात चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न घेतात आणि ते बरं चालतं, फक्त उत्तर देणाऱ्याला "मला माहीत नाही" म्हणता आलं पाहिजे. जे कंटाळून जातात त्यातले बरेच दुसऱ्या फेलोशिपमध्ये (वेगळ्या ख्रिस्ती गटात) जातात, काही कुठेच जात नाहीत, नाताळला मात्र येतात.