आटलेली विहीर की बुजलेले झरे?

घराजवळच्या जुन्या विहिरीचं पाणी कमी झालं की 'आणखी पाच हात खोल घ्या' हा सल्ला लगेच मिळतो. तो महागडा असतो आणि पुष्कळदा चुकीचाही. खडकात पाणी असतं, पण विहिरीत यायची त्याची वाट बुजलेली असते.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांच्या खडकात, पाषाणाच्या सांध्यांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीलगत. विहिरीचा झरा म्हणजे यांपैकीच एखाद्या फटीचं तोंड. फटीतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. त्यामुळे १ मिलिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरवर आली की पाणी निम्मं होत नाही, ते एक-अष्टमांशावर येतं. कागदाइतका पातळ थरही म्हणूनच विहीर मारू शकतो.

हा थर नेमका झऱ्याच्या तोंडाशीच धरतो. भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मोकळ्या हवेत निसटतो आणि त्याच्यामुळे विरघळून राहिलेला चुना पांढरा होऊन खडकाला चिकटतो. पाण्यात लोह जास्त असेल, जसं कोकण-गोव्याच्या जांभ्यात आढळतं, तर तांबूस बुळबुळीत साय येते. ते लोहजीवाणूंचं काम. शिवाय चिकणमाती आणि पिंपळ-उंबराची मुळं असतातच. काही ठिकाणी तर विहीर 'पक्की' करताना आतून केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यानेच झरे लिंपले जातात.

खर्च करण्याआधी मोजमाप करा. उपसा नसताना पाणी जिथे थांबतं त्या स्थिर पातळीपासून पाणी १ मीटर खाली उपसा, पंप बंद करा आणि खूण केलेल्या ठरावीक १० सेंटिमीटरच्या टप्प्यात पाणी चढायला किती मिनिटं लागतात ते पाहा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर. २० मिनिटं लागली तर आवक मिनिटाला ३५ लिटर. टप्पा मात्र दर वेळी तोच हवा, कारण पाणी चढत जाईल तशी आवक मंदावते. मग शेजारच्या तितक्याच खोल विहिरींची पातळी बघा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते, तिचाही आधार घ्या. सगळ्याच विहिरी खाली गेल्या असतील तर झरे साफ करून फारसा उपयोग नाही. त्यांना पाणी आहे आणि तुमच्याच विहिरीला नाही, तर दोष झऱ्यांत शोधायचा.

काम एप्रिल-मे महिन्यात काढावं. पावसाळ्यात किंवा लगेच नंतर विहीर झपाट्याने रिकामी केली तर बाहेरच्या पाण्याचा दाब बांधकाम आत ढकलतो आणि कडा ढासळते.

विहिरीत उतरण्याबाबत कसलीही ढिलाई नको. कुजणारा पालापाचोळा ऑक्सिजन खातो. जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. दिवा सोडून बघण्याची जुनी पद्धत विषारी वायू ओळखू शकत नाही. चार वायू मोजणारं यंत्र दोरीने तळापर्यंत सोडा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. ब्लोअरची नळी तळापर्यंत नेऊन अर्धा तास हवा सोडा, पुन्हा मोजा आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवा. डिझेल इंजिन विहिरीत कधीच उतरवू नये. पंपाची वीज मुख्य स्विचपासून तोडा. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर हवा, वर दोन माणसं हवीत. आतला माणूस कोसळला तर त्याला दोरानेच वर ओढायचं. वाचवायला मागोमाग उतरलेले जीव गमावतात.

गाळ किती आहे ते लोखंडी सळईने आधी मोजा. ३ मीटर व्यासात १ मीटर गाळ म्हणजे ७ घनमीटर, हे ध्यानात ठेवून मजुरी ठरवा. पाषाण लागेपर्यंत गाळ काढा. मग ओल असलेला प्रत्येक सांधा पहारीच्या टोकाने मोकळा करा, तारेच्या ब्रशने घासा आणि जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. मुरमावर हा फवारा मारू नये, तो सुटून येतो. पिण्याच्या विहिरीत आम्ल ओतू नये. चुन्याचा थर छिन्नीने निघतो. शेवटी पाणी चढू द्या, वेगाने उपसा, थांबा. असं पाच-सहा वेळा केलं की फटीत अडकलेली बारीक माती बाहेर येते. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी दिसतं.

एवढ्याने भागलं नाही तर आडवे बोअर, तेही ओल असलेल्या थरातच, विहिरीकडे किंचित उतार ठेवून. कोरड्या पाषाणात मारलेलं बोअर कोरडंच राहतं. तळात उभं बोअर मात्र विचार करून घ्यावं: खालच्या थरातल्या पाण्याचा दाब कमी असेल तर आहे तेही पाणी त्यातून निघून जातं. घराजवळ सुरुंग तर नकोच.

काम झाल्यावर निर्जंतुकीकरण. १४ घनमीटर पाण्याला ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे २ किलो लागते. बादलीत कालवून निवळ तेवढी विहिरीत सोडा, २४ तास ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा. आम्ल वापरलेल्या विहिरीत ही पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पाणी प्रयोगशाळेतून तपासून आल्यावरच प्या.

आता तीच १० सेंटिमीटरची चाचणी पुन्हा घ्या. वेळ घटला नसेल तर आणखी खणण्यापेक्षा छताचं पाणी गाळून जमिनीत मुरवा: १०० चौरस मीटर छत आणि ७०० मिलिमीटर पाऊस असेल, तर वीस टक्के तूट धरूनही ५६,००० लिटर पाणी मिळतं. पहिल्या सरींचं पाणी तेवढं बाहेर सोडून द्या.