भर दुपारी ४९ मीटरवर काय लागणार?

शॉर्टवेव्हचा छोटा सेट नव्यानं घेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. रेडिओ ऑनलाइन मागवला, दुपारची जेवणं आटोपल्यावर हॉलमध्ये सोफ्यावर बसून सुरू केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा फिरवला (आता काटा कुठला, आकडेच पळतात) आणि खरखरीपलीकडे काही लागलं नाही. मग निकाल ठरलेला: चिनी माल, फसलो. बहुतेक वेळा सेट ठणठणीत असतो. चुकलेली असते ती वेळ, आणि त्याहून जास्त जागा. ही दोन्ही जमली तर साधासा सेटही नागपूरच्या गच्चीवर बसून परदेशातली स्टेशनं ऐकवतो. जमली नाहीत, तर कितीही महागडा घ्या, खरखर तेवढी जरा महागातली ऐकू येईल.

आधी वेळेचं बघू. सेटवर कधी मीटर (लहरीची लांबी) लिहिलेले असतात, कधी मेगाहर्ट्झ (फ्रिक्वेन्सी, म्हणजे लहर सेकंदाला किती लाख वेळा डोलते ते). ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटर मिळतात. आकाशवाणी नागपूरचं मध्यमलहरीचं (मीडियम वेव्ह) ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ५१३ मीटर लांबीची लहर. ही लहर दिवसा जमिनीला धरून चालते, त्यामुळे विदर्भातल्या गावागावांत ती कुठल्याही युक्तीशिवाय पोचते. शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, अर्थात १०० ते १० मीटर. या लहरी जमिनीवरून थोडंच अंतर जाऊन दमतात. आपल्याला जे ऐकू येतं ते वरून परतून आलेलं असतं.

वर म्हणजे नेमकं कुठे? सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वातावरणाच्या वरच्या भागातल्या अणुरेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. हा भाग म्हणजे आयनांबर. मार्कोनीनं १९०१ साली अटलांटिकपार संदेश पाठवला, तेव्हा गोल पृथ्वीवरून लहर वळली कशी याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोन शास्त्रज्ञांनी, स्वतंत्रपणे, वर विद्युतवाहक थर असावा असं सुचवलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲपलटननं १९२४ मध्ये तो प्रयोगानं दाखवून दिला आणि त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रांनी १९३० च्या सुमारास याच थरांवर मोजमापं सुरू केली होती. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच भेटतं, ही खेदाचीच गोष्ट आहे.

ऐकणाऱ्याच्या कामाचे थर दोन. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर, आणि तीनेकशे किलोमीटरवरचा एफ थर. लहर परत पाठवतो तो एफ. डी हा वाटेतला खोडा. लहर आली की सुटे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलू लागतात. एफ थरात हवा इतकी विरळ असते की ते सुखेनैव डोलतात आणि लहर वळून खाली येते. डी थरात हवा त्या मानानं दाट. इतवारी बाजाराच्या ऐन दिवाळीतल्या गर्दीत कुणी हात हलवत चालायला लागला तर पावलोपावली धक्के खातो, तसे इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितका डोलण्याचा पल्ला मोठा आणि तितकी ही गळती जास्त. म्हणून भर दुपारी ४९ मीटरवर, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या आसपास, दूरचं काही लागत नाही. त्याच वेळी १९ किंवा १६ मीटरवर (१५ आणि १७ मेगाहर्ट्झ) जाऊन बघा. तिथे स्टेशनं असतात.

सूर्य मावळला की डी थर पाहता पाहता विरून जातो, एफ मात्र रात्रभर टिकतो, फक्त पातळ होत जातो. पातळ एफला जास्त फ्रिक्वेन्सी वळवता येत नाही, ती आरपार अवकाशात निघून जाते. म्हणून रात्री खालच्या फ्रिक्वेन्सीकडे, म्हणजे मोठ्या मीटरांकडे उतरायचं: ३१, ४१, ४९ मीटर. दिवसा वर, रात्री खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी तक्रार मिटते. श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनचे निवेदक ‘२५ और ४१ मीटर बॅंड’ (बॅंड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) म्हणायचे ते वयस्कर श्रोत्यांना अजून पाठ असेल. कोलंबो ते नागपूर सुमारे १६०० किलोमीटर. एफ थरावरून एका उडीत सहज येणारं अंतर. चीनच्या पश्चिम टोकाला काशगरची प्रक्षेपण केंद्रं दोन हजार किलोमीटरवर आहेत, तीही एकाच उडीत. चायना रेडिओ इंटरनॅशनल नागपुरात इतकं खणखणीत का लागतं, याचं हे साधं कारण.

नागपूरचं एक खास दुखणंही आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं; केरळात थुंबा इथे १९६३ साली रॉकेट तळ उभारण्यामागे तेच कारण होतं. तिथून उत्तरेकडे बऱ्याच अंतरापर्यंत संध्याकाळनंतर आयनांबरात बुडबुड्यांसारखी पोकळ जागा तयार होतात, आणि नागपूर त्याच पट्ट्यात येतं. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, रात्री आठ-नऊला चांगलं लागलेलं स्टेशन एकदम थरथरायला लागतं. बोलणारा माणूस पंख्यासमोर तोंड धरून बोलतोय असं वाटतं. यावर इलाज नाही. थांबायचं, किंवा दुसरा बॅंड बघायचा.

आता जागा. माझ्या मते आजच्या श्रोत्याचा खरा शत्रू आयनांबर नव्हे, घरच आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, वायफाय राउटरचा ॲडाप्टर, इन्व्हर्टर, टीव्ही: या सगळ्यांच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारी सर्किटं असतात, आणि स्वस्त मालात तिथला फिल्टर बहुधा वाचवलेला असतो. त्यांची घरघर थेट शॉर्टवेव्हवर सांडते. नागपूरकराच्या घरात त्यात कूलर. कूलरची साधी मोटर फारशी त्रासदायक नसते, पण पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो अर्ध्या वेगावर ठेवल्यावर जी करकर करतो ती अख्खा बॅंड खाते. पूर्ण वेगावर ती बरीच कमी होते. वर स्लॅबमधल्या सळ्या बाहेरचा सिग्नल अडवतात. म्हणजे घरातला गोंगाट मोठा आणि बाहेरचा आवाज लहान.

खात्री करायची असेल तर रेडिओ सेलवर चालवा, एखाद्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर ठेवा आणि कुणाला तरी मेन स्विच पाडायला सांगा. खरखर एकदम खाली आली तर गुन्हेगार घरातलाच. मग एकेक उपकरण लावत जा, सापडतो. शेजाऱ्याचा चार्जर भिंतीपलीकडून त्रास देत असेल तर मात्र गच्चीवर जाणं हाच उपाय. वर्धा रोडला मेट्रोच्या खांबांलगत राहणाऱ्यांना गाडी जाताना एखादा तडतडाट ऐकू येऊ शकतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि पॅन्टोग्राफ (गाडीच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) जरा उडाला की ठिणगी पडते. पण तो आला आणि गेला. सुटीच्या दिवशी गोरेवाड्याच्या बाजूला किंवा रामटेकला सेट सोबत नेला, तर घरी ज्याला आपण रेडिओचा स्वभाव समजत होतो ती निव्वळ आपल्या बल्बांची करामत होती हे पहिल्याच मिनिटात कळतं.

गच्चीवर सेटच्या एरियलला पाच-सहा मीटर इन्सुलेशनवाली पातळ वायर क्लिपनं जोडली तर फरक जाणवतो. कपडे वाळवायच्या दोरीला गुंडाळली तरी चालते, दोरी लोखंडी तारेची नसली म्हणजे झालं. वीस-पंचवीस मीटर ताणायचा मोह टाळा. छोट्या सेटचं पहिलं सर्किट नाजूक असतं, गावातल्या मध्यमलहर केंद्राच्या जोरदार सिग्नलनं ते गुदमरतं आणि नको तिथे भुताटकीसारखी स्टेशनं दिसू लागतात. असं झालं तर ‘डीएक्स’ (दूरची स्टेशनं) वरून ‘लोकल’ (जवळची) वर बटण सरकवा. आणि अवकाळीचे ढग भरून आले, लांबून गडगडलं, की वायर काढून टाका. जवळ कडाडलेल्या विजेनं तारेत उठलेला दाबही ते सर्किट मारायला पुरतो, वीज तारेवरच पडायला हवी असं नाही. हिवाळ्यात उलटी गंमत: कोरडी हवा, अंगात लोकरी स्वेटर, बोट एरियलला लागलं की चटका. आधी खिडकीच्या ग्रिलला हात लावा, मग एरियलला.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी. मध्यमलहर ९ किलोहर्ट्झच्या पायरीवर ठेवा. काही सेट १० वर येतात आणि मग ५८५ सापडतच नाही. वेळापत्रकं जागतिक वेळेत छापलेली असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ही वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे कालपर्यंतचं स्टेशन आज गायब झालं तर सेटला दोष देण्याआधी तारीख बघा. काही कायमचीच गेली, हेही खरं. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. सेटवर एसएसबी (आवाज कमी जागेत पाठवण्याची एक पद्धत) असेल तर ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवर एलएसबी (तिचाच एक प्रकार) लावून हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गप्पा ऐका; फ्रिक्वेन्सी बारीक सरकवत गेलं की बदकासारखा आवाज हळूहळू माणसाचा होतो.

निगा राखायची ती मुख्यतः उन्हापासून. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं तिचे निर्मातेच सांगतात, आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरची सावलीसुद्धा तिथवर जाते. म्हणून मे महिन्यात चार्जिंग पहाटे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सेट कधीच नको. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, काठोकाठ नव्हे. साधे अल्कलाइन सेल असतील तर काढूनच ठेवा. ते गळले की स्प्रिंगवर पांढरी बुरशी दिसते. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसा, मग स्पिरिटनं कोरडी करा, लवकर पकडली तर सेट वाचतो. व्हॉल्यूमचं बटण करकरत असेल तर सेट बंद करून ते दोन्ही टोकांना पुष्कळदा फिरवा. भागलं नाही तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, शिलाई मशीनचं तेल नव्हे, कारण तेलावर धूळ बसते आणि उन्हाळ्यात आपल्याकडे धुळीला तोटा नाही. एरियल मिटताना टोकाला तळहातानं दाबू नका, वरचा पातळ भाग वाकतो. खालच्या नळीला धरून एकेक भाग आत घ्या.

कडक उन्हात स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, सावलीत थंड झाली की आकडे परत दिसतात. लवकर थंड व्हावा म्हणून सेट फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर आतल्या सर्किटवर दव जमतं.