पदकामागचं माळरान

युरोपातल्या राष्ट्रीय उद्यानांची आणि संरक्षित क्षेत्रांची शिखर संघटना म्हणजे युरोपार्क. निसर्गरक्षणात हयात घालवलेल्यांना ती आल्फ्रेड ट्योप्फर यांच्या नावाचं पदक देते. पदक कुणाला मिळालं त्याची बातमी होते, ते ज्यांच्या नावाचं आहे त्यांच्याबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला लागलं की पहिल्यांदा एका माळरानावर जावं लागतं.

हे माळरान हांबुर्गच्या दक्षिणेला आहे, ल्यूनेबर्ग हीथ. ऑगस्ट-सप्टेंबरात हीदरची झुडपं फुलली की मैलोन्‌मैल जांभळं दिसतं. बघणाऱ्याला ते आदिम वाटतं, पण ते माणसानं घडवलेलं आहे. मुळातलं जंगल तोडून शेतकऱ्यांनी तिथे शतकानुशतकं मेंढ्या चारल्या. वरचा मुळांसकटचा थर फावड्यानं सोलून गोठ्यात अंथरायचा आणि शेणामुतात भिजला की शेतात टाकायचा, अशी तिथली रीत होती. त्यामुळे जमीन कायम भुकेली राहिली, आणि भुकेल्या जमिनीवरच हीदर टिकतं. एकोणिसाव्या शतकात बाहेरून स्वस्त लोकर आली, पाठोपाठ रासायनिक खत आलं. मेंढ्या परवडेनाशा झाल्या आणि माळावर पाइनची लागवड सुरू झाली. आपल्याकडेही माळाला ‘पडीक’ म्हणून झाडं लावण्याचा सोस आहे, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये.

एगेस्टोर्फ गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी या माळाचा एक तुकडा वाचवायचं मनावर घेतलं. टोटेनग्रुंड नावाच्या दरीत सुट्टीची घरं बांधायचा घाट घातला जात होता. म्युन्स्टरचे प्राध्यापक आंद्रेआस थॉमसेन यांनी ६,००० मार्क दिले आणि १९०६ मध्ये ती दरी विकत घेतली गेली. १९०९ मध्ये निसर्गोद्यानांसाठी एक संघ स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी १६९ मीटर उंचीची विल्झेडे टेकडीही घेतली गेली. कायद्याचं संरक्षण आलं ते १९२१ मध्ये. त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही असंच घडत होतं. अॅमस्टरडॅम शहराला नार्डरमीर या सरोवरात कचरा टाकायचा होता. तो बेत फसला, १९०५ मध्ये एक संस्था उभी राहिली आणि १९०६ मध्ये तिनं सरोवर खरेदी केलं. सरकारची वाट न बघता पैसे जमवायचे आणि सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा, हा त्या पिढीचा मार्ग होता. 

पण जमीन घेतल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ‘आयुष्यभराचं योगदान’ या शब्दांना तिथेच अर्थ येतो. माळ नुसता राखून ठेवला तर काही वर्षांत बर्च आणि पाइनची रोपं वर येतात आणि हीदर सावलीत मरतं. झुडूप दहा-पंधरा वर्षांचं झालं की लाकडासारखं कडक होतं आणि मधून फाकतं. म्हणून हाइडश्नुके जातीच्या काटक मेंढ्या सतत चाराव्या लागतात. मेंढ्यांना आवरत नाही तिथे कापणी करावी लागते किंवा हिवाळ्यात आटोक्यातली आग लावावी लागते. आणि दर काही वर्षांनी एखाद्या पट्ट्यावरचा कुजलेला थर यंत्रानं सोलून काढावा लागतो. थर अर्धवट राहिला की हीदरच्या बियांना उघडी माती मिळत नाही. फार खोल गेलं तर जमिनीतला बियांचा साठाच निघून जातो. त्यात हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनची भर. गाड्यांच्या धुरातून आणि गोठ्यांमधून येणारं हे फुकटचं खत गवताला मानवतं, आणि हीदरला मागे सारून गवत पसरतं. कुणीही एक दिवस ‘काम झालं’ म्हणून हात झटकू शकत नाही.

ट्योप्फर यांचा प्रवेश होतो तो या टप्प्यावर. जन्म १८९४, आल्टोनातला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी धान्याच्या घाऊक व्यापारात मोठी माया जमवली आणि १९३१ मध्ये एफ.व्ही.एस. नावाचं प्रतिष्ठान काढलं. १९५४ पासून पुढची सुमारे तीस वर्षं ते त्याच निसर्गोद्यान संघाचे अध्यक्ष होते. ६ जून १९५६ रोजी बॉन विद्यापीठात, राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांच्या उपस्थितीत, त्यांनी पश्चिम जर्मनीसाठी २५ निसर्गोद्यानांचा आराखडा मांडला. आज जर्मनीत अशी उद्यानं शंभराहून अधिक आहेत. मांडणी व्यापाऱ्याला शोभेल अशी रोकडी होती. शहरातल्या कामगाराला रविवारी मोकळी हवा हवी, त्यासाठी पायवाटा, बाकं आणि गाड्या लावायला जागा हवी. त्यासोबत निसर्ग सांभाळला जाईल. गंमत अशी की त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या माळावर, युद्धानंतर जर्मनीत राहिलेल्या ब्रिटिश सैन्याचे रणगाडे धावत होते. १९५९ च्या करारानं तो सराव रीतसर झाला, आणि साखळी चाकांनी झुडपं उपटून जागोजागी उघडी वाळू केली. रणगाडे गेले ते १९९४ मध्ये, ट्योप्फर यांच्या निधनानंतरच्या वर्षी.

१९७३ मध्ये बाझल इथे युरोपातल्या उद्यानांचा महासंघ स्थापन झाला, तोच पुढे युरोपार्क झाला. संस्थापकांत ट्योप्फर होते, म्हणून पदकाला त्यांचं नाव. त्यांच्याच नावानं तरुण संवर्धकांना दुसऱ्या देशातली संरक्षित क्षेत्रं पाहायला पाठवणाऱ्या शिष्यवृत्त्याही आहेत. पदक कृतज्ञतेचं असतं, पण उपयोग बघायचा तर शिष्यवृत्तीचा अधिक.

इथे एक विसंगती नोंदवायलाच हवी. महासंघाचं कार्यालय दीर्घकाळ ग्राफेनाऊ गावात होतं. हे गाव बव्हेरियन फॉरेस्टच्या उंबऱ्यावर आहे, म्हणजे १९७० मध्ये सुरू झालेल्या जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या. त्या उद्यानाचा विचार ट्योप्फरच्या विचाराच्या जवळपास उलटा होता: निसर्गात माणसानं हातच घालायचा नाही. १ ऑगस्ट १९८३ रोजी वादळानं तिथे मोठ्या पट्ट्यातली स्प्रूसची झाडं झोपवली. लाकूड उचलून विकायचं, ही वनखात्याची सवय. पण उद्यानाचे संचालक हान्स बिबेलरीटर यांचा आग्रह होता की पडलेलं पडलेलंच राहू द्यावं, आणि बव्हेरियाचे मंत्री हान्स आयझेनमान यांनी तो मान्य केला. पुढे खोडकिडा सुटला. १९९० च्या दशकात डोंगरमाथ्यावरचं स्प्रूस उभ्याउभ्या वाळलं आणि गावकरी संतापले. जंगल मेलं असं सगळ्यांना दिसत होतं. मेलेल्या खोडांच्या आडोशाला नवी रोपं दाटीनं उगवली, पण तो निकाल दिसायला कितीतरी वर्षं गेली. तोवर बिबेलरीटर यांना घरच्या अंगणातच शिव्या खाव्या लागल्या. निसर्गरक्षणातले मान उशिरा मिळतात याचं एक कारण समित्यांचा आळस असेल, दुसरं मात्र झाडांचा वेग आहे. वीस वर्षं थांबल्याशिवाय निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरवताच येत नाही.

क्षेत्राचा गौरव करणं तुलनेनं सोपं असतं. युरोप परिषदेनं १९६५ मध्ये संरक्षित क्षेत्रांसाठी युरोपियन डिप्लोमा सुरू केला. १९६६ मध्ये तो पहिल्यांदा मिळाला तो फ्रान्सच्या कामार्गला, बेल्जियमच्या ओत फान्यला आणि इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टला. हा डिप्लोमा मुदतीचा असतो. आधी पाच वर्षं, नंतर दहा-दहा वर्षं. दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, नूतनीकरणापूर्वी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करतो, अटी घालतो, आणि अटी पाळल्या नाहीत तर मान काढून घेतला जाऊ शकतो. व्यक्तीला दिलेल्या जीवनगौरवाला अशी फेरतपासणी नसते.

आणि ज्याच्या नावानं गौरव दिला जातो त्याची तपासणी कुणी करायची? ट्योप्फर नाझी पक्षाचे सभासद नव्हते, १९३७ मध्ये त्यांना अटकही झाली होती. पण युद्धकाळात ते जर्मन लष्करी गुप्तचर विभागासाठी पॅरिसमध्ये होते, आणि युद्धानंतर त्यांनी नाझी राजवटीतल्या काही बड्या माणसांना कामावर घेतलं. त्यातला एक एडमुंड फेझेनमायर. १९४४ मध्ये हंगेरीतून लाखो ज्यूंची रवानगी झाली तेव्हा हा तिथला हिटलरचा सर्वाधिकारी प्रतिनिधी होता, आणि न्युरेंबर्गला त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली होती. प्रतिष्ठानानं स्वतःच १९९७ मध्ये स्वतंत्र इतिहासकारांचा आयोग नेमला. आयोगाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले, तरी वाद पुढेही पेटत राहिला. त्यातून कुणी माळरानावरचं काम खोटं ठरवत नाही. पण माणसाचं नाव धातूवर कोरलं की त्याचं सगळंच त्यासोबत येतं.

असंच दुसरं उदाहरण नेदरलँड्सचे प्रिन्स बर्नहार्ट यांचं. ते डब्ल्यूडब्ल्यूएफ या जागतिक वन्यजीव संस्थेचे पहिले अध्यक्ष, आणि १९७१ मध्ये त्यांनी ‘ऑर्डर ऑफ द गोल्डन आर्क’ हा सन्मान सुरू केला. पाच वर्षांनी लॉकहीड विमान कंपनीच्या लाच प्रकरणात त्यांचं नाव आलं आणि अध्यक्षपद सोडावं लागलं. १९७३ मध्ये हाच सन्मान मुंबईच्या डॉ. सालिम अलींना मिळाला होता. त्यांना १९६७ मध्ये ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ संघाचं सुवर्णपदक आणि १९६९ मध्ये आययूसीएनचं (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचं) जॉन फिलिप्स पदकही मिळालं होतं. गोल्डन आर्क देणारा हात मळला म्हणून सालिम अलींचं काम उणं झालं नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या गेटी पुरस्काराची रक्कम तर त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीतच घातली.

अशा सन्मानासाठी कुणाची शिफारस लिहिताना घोटाळा होतो तो विशेषणांमुळे. ‘अथक’, ‘निःस्वार्थ’ लिहून समितीच्या हाती काही लागत नाही. किती हेक्टर, कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याखाली, आधी तिथे काय होतं आणि आज काय आहे, हे लागतं. सोबत कोण होतं हेही हवं, कारण समितीला सहसा पदाधिकारीच दिसतात. युरोपियन बायसनचं, म्हणजे तिथल्या रानगव्याचं, उदाहरण घ्या. रानातला शेवटचा कळप संपला तेव्हा प्राणिसंग्रहालयांत मिळून ५४ प्राणी उरले होते, आणि आजची सगळी प्रजा त्यातल्या फक्त १२ जणांपासून आली आहे. इतक्या जवळच्या नात्यात जोड्या लावायच्या तर वंशावळ चोख हवी. हांबुर्गच्या प्राणिशास्त्रज्ञ एर्ना मोर यांनी ती नोंदवही वर्षानुवर्षं सांभाळली. १९५२ मध्ये पोलंडमधल्या बियालोव्हिएझाच्या जंगलात पुन्हा बायसन सोडता आले, त्यात या टेबलावरच्या कामाचा वाटा मोठा होता. समारंभाच्या फोटोत असं काम येत नाही.

एका नावाला मान देताना बाकीची नावं गळतात, याचं जर्मनीतलंच ठळक उदाहरण १९९० चं. पूर्व जर्मनी विलीन व्हायला तीन आठवडे होते. १२ सप्टेंबरच्या अखेरच्या बैठकीत मंत्रिमंडळानं ५ राष्ट्रीय उद्यानं, ६ जीवावरण क्षेत्रं आणि ३ निसर्गोद्यानं मंजूर केली. देशाच्या सुमारे साडेचार टक्के जमिनीला संरक्षण मिळालं. आराखड्यामागे परिस्थितीशास्त्रज्ञ मिखाएल झुको यांच्यासोबत हान्स डीटर क्नाप, लेब्रेख्ट येश्के आणि इतर बरेच जण होते. पण जानेवारीत उपमंत्री झाले ते झुको, आणि १९९७ चा राइट लाइव्हलिहुड पुरस्कारही त्यांनाच मिळाला. त्यांनी ती रक्कम भांडवल म्हणून वापरून संस्था उभी केली, आणि ती आजही दलदली आणि संरक्षित क्षेत्रांवर काम करते. त्या १४ क्षेत्रांचे नियम विलीनीकरणानंतर आपोआप टिकणार नव्हते. १८ सप्टेंबरच्या पुरवणी करारात ते घालून घ्यावे लागले.