व्हॉइस व फॅक्स गेटवे : बसवणी आणि जुळणी (सांगली-मिरज परिसर)

साधे टेलिफोन संच, फॅक्स मशीन, इंटरकॉम आणि लँडलाइन यांना इंटरनेटवरच्या टेलिफोन सेवेशी जोडणारे उपकरण म्हणजे व्हॉइस व फॅक्स गेटवे. त्याच्या एका अंगाला टेलिफोनची वायर लागते, दुसऱ्या अंगाला नेटची. आलेल्या आवाजाचे ते सेकंदाला ८,००० नमुने घेते, बहुधा २० मिलिसेकंदांची एकेक पॅकेट बांधते आणि पुढे धाडते. पलीकडून आलेली पॅकेट उलगडून त्यांचा पुन्हा आवाज करते. कॉल लावणे-तोडणे एसआयपी पद्धतीने होते (तिचे प्रचलित प्रमाण २००२ चे), आवाज आरटीपीने वाहतो, आणि फॅक्ससाठी टी.३८ हे १९९८ चे वेगळे प्रमाण आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे अडत दुकान, कुपवाड एमआयडीसीतला कारखाना किंवा मिरजेतले रुग्णालय येथे गेटवे लागण्याचे कारण साधारण एकच असते. बिलांवर, पाटीवर, लेटरहेडवर वर्षानुवर्षे छापलेला ०२३३ चा नंबर सोडायचा नसतो, इमारतीत ओढलेली टेलिफोनची वायरिंग फेकायची नसते, आणि तरीही शाखा-शाखांतले बोलणे नेटवरून न्यायचे असते.

पोर्टचे प्रकार : एफएक्सएस पोर्ट टेलिफोनला टोन, वीज आणि रिंग देतो. एफएक्सओ पोर्ट बाहेरून आलेली लाइन घेतो, म्हणजे स्वतः टेलिफोनसारखा वागतो. दोन्हींची खाच एकाच मापाची असल्यामुळे अदलाबदल सहज होते. बाहेरची लाइन एफएक्सएसमध्ये खुपसली तर दोन्ही बाजूंनी वीज आमनेसामने येते आणि पहिल्या रिंगलाच पोर्ट जळू शकतो. म्हणून वायर लावण्याआधी मल्टिमीटर धरावा. रिसीव्हर खाली असताना तांब्याच्या लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी दिसतो, उचलल्यावर तो ६ ते १२ व्होल्टच्या दरम्यान उतरतो. फायबरच्या डब्यातून निघालेल्या लाइनवर खाली ठेवलेल्या अवस्थेतही व्होल्टेज ४८ पेक्षा कमी असू शकते. मग गेटवे ‘लाइन नाही’ असे दाखवतो आणि लोक उगीच पोर्टला दोष देतात. सेटिंगमधली लाइन ओळखण्याची मर्यादा खाली आणली की काम होते.

आज ‘लँडलाइन’ म्हणून जे मिळते ते बऱ्याचदा फायबरच्या ओएनटी डब्याच्या टेलिफोन पोर्टातून येते. म्हणजे ती लाइन मुळात इंटरनेटच्याच पद्धतीने आलेली असते. ती एफएक्सओत घेऊन पुन्हा नेटवर टाकणे म्हणजे दोनदा बदल. आवाजाला ते खपते, फॅक्सला सहसा खपत नाही. सेवा देणारी कंपनी त्याच नंबरासाठी एसआयपी ट्रंक (थेट नेटवरून येणारी टेलिफोन लाइन) देत असेल तर एफएक्सओचा नाद सोडून ट्रंकच घ्यावी.

जागा आणि वीज : सांगलीत पहिला प्रश्न उंचीचा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी त्याच्याही बरेच वर गेले होते. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड अशा भागांत गेटवे, राउटर आणि टेलिफोनचा क्रोन बॉक्स (वायरींच्या जोड्या जिथे जुळतात तो डबा) पहिल्या मजल्यावर घ्यावा. तळमजल्यावर फक्त वायर खाली उतरू द्यावी. पूर ओसरल्यावर गेटवे सुकवून चालू होईलही, पण खाचेतल्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढून महिन्याभराने लाइनवर खरखर सुरू होते. मार्केट यार्डात पाण्यापेक्षा हळदीची भुकटी जास्त त्रास देते. तिथे पंखा नसलेले मॉडेल घ्यावे, ते भिंतीवर खाचा खालच्या दिशेला येतील असे लावावे आणि रिकाम्या खाचांना टोपण घालावे.

एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजेचा कडकडाट होतो तेव्हा खांबावरून आलेल्या तांब्याच्या वायरीतून झटका थेट एफएक्सओ पोर्टात शिरतो. प्रत्येक जोडीवर तीन टोकांचा गॅस डिस्चार्ज अरेस्टर (झटका जमिनीत वळवणारा सुटा भाग) लावून त्याचे मधले टोक अर्थला द्यावे. अर्थचा रोध ५ ओहमच्या आत ठेवावा आणि ही अर्थ विजेच्या अर्थिंगशी जोडलेली असावी. दोन सुट्या अर्थ ठेवल्या तर त्यांच्यातल्या फरकानेच उपकरण जळते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. पण त्या केबलसोबत ताणाची पोलादी तार असेल तर ती इमारतीच्या बाहेरच कापून अडकवावी, आत आणू नये.

तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळत होती, त्यामुळे घरची वीज गेली तरी फोन चालायचा. आता ओएनटी, राउटर, स्विच आणि गेटवे या सगळ्यांना वीज लागते. चौघांचा मिळून भार ३० वॅटच्या आसपास धरला तर ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस तासाभराच्या आसपास धरतो. दवाखान्याला तेवढे पुरत नाही. तिथे ही चारही उपकरणे इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्यावीत, आणि चारही म्हणजे चारही. स्विच तेवढा राहून जातो आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

टोनची जुळणी : एफएक्सओ बसवताना सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या ‘लाइन अडकते’ या एका गोष्टीच्या. बाहेरच्या माणसाने फोन ठेवला तरी गेटवे लाइन सोडत नाही. पुढच्या प्रत्येकाला एंगेज लागतो. कोणीतरी वायर उपटून परत लावली की पुन्हा चालू. कारण असे की बहुतेक लाइनींवर समोरच्याने फोन ठेवल्याची वेगळी विद्युत खूण येत नाही, फक्त एंगेज टोन येतो. माणूस तो ऐकून रिसीव्हर ठेवतो. गेटवेला मात्र तो टोन आधी शिकवावा लागतो. गेटवे कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यात बहुधा अमेरिकन टोन भरलेला असतो : ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, ७५० मिलिसेकंद चालू आणि ७५० बंद असा असतो. लाइन मोकळी नसल्याचा जलद टोन ४०० हर्ट्झचाच, २५० चालू आणि २५० बंद. हे दोन्ही भरावेत आणि सलग ३ आवर्तने ऐकल्यावरच लाइन सोडण्यास सांगावे. एकाच आवर्तनावर ठेवले तर होल्डवरच्या संगीतातला एखादा सूर टोन समजून चालू बोलणे तुटते.

देश ‘भारत’ निवडला की हे आपोआप होईल यावर विसंबू नये. लाइनवरचा खरा टोन मोबाइलवर रेकॉर्ड करून कोणत्याही ध्वनी संपादन ॲपमध्ये पाहावा. चालू-बंदचा वेळ नजरेला लगेच दिसतो, आणि तोच आकडा भरावा. सेवा देणाऱ्याकडून ध्रुवता उलटण्याची (लाइनच्या दोन तारांची धन-ऋण बाजू बदलण्याची) सोय मिळत असेल तर ती जरूर मागून घ्यावी. तिच्यामुळे कॉल उचलल्याचा आणि तुटल्याचा क्षण नेमका कळतो.

कॉलर आयडी काही लाइनींवर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफ (बटण दाबल्यावर निघणाऱ्या) सुरांत येतो, तर काहींवर पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या मधे एफएसके (दोन सुरांच्या अदलाबदलीच्या) पद्धतीने. दुसरा प्रकार असेल तर गेटवेला दुसऱ्या रिंगनंतरच कॉल घ्यायला सांगावे, नाहीतर नंबर कळण्याआधीच फोन उचलला जातो. प्रतिध्वनी येत असेल तर आधी रोधाची जुळणी तपासावी (६०० ओहमपासून सुरुवात), नंतर आवाजाची पातळी एकेक डेसिबलने उतरवावी. प्रतिध्वनी शमवण्याचे सेटिंग वाढवणे हा शेवटचा उपाय.

नंबरांची मांडणी : सांगली-मिरजेत एसटीडी कोड ०२३३ आणि स्थानिक नंबर ७ आकडी; साताऱ्यात ०२१६२, कराडला ०२१६४ आणि नंबर ६ आकडी. दोन जिल्ह्यांत शाखा असतील तर एकच डायल प्लॅन (कोणता नंबर कसा फिरवायचा याचे नियम) दोन्हीकडे चिकटवून चालत नाही. एफएक्सओवरून स्थानिक नंबर जसाच्या तसा फिरवता येतो, एसआयपी ट्रंकला मात्र बहुधा कोडासह पूर्ण नंबर लागतो. म्हणून सांगलीच्या गेटवेत २ ने सुरू होणाऱ्या ७ आकड्यांपुढे ०२३३ आपोआप लागेल असा नियम लिहावा. लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लागतो. मोबाइलचे १० आकडे ओळखून हा शून्य गेटवेनेच लावला तर कर्मचाऱ्यांचा त्रास वाचतो.

एक्स्टेंशनची मालिका १०० पासून सुरू करण्याची सवय घातक आहे. १००, १०१, १०८ आणि ११२ हे आणीबाणीचे नंबर आहेत, आणि रुग्णालयात १०८ फिरवल्यावर स्टोअररूमचा फोन वाजणे परवडणारे नाही. २ ची मालिकाही टाळावी, कारण २०१ दाबल्यावर पुढे ७ आकडी नंबर येतो आहे की काय म्हणून गेटवे चार-पाच सेकंद थांबून राहतो. ३०० किंवा ५०० पासूनची मालिका बरी. तिच्याशी जुळणारे स्थानिक नंबर असतील तर बाहेरच्या लाइनसाठी वेगळा आकडा ठेवावा. आणीबाणीचे नंबर कोणताही आकडा न लावता थेट जातील असा नियम सर्वांत वर लिहावा.

नेटची बाजू : आवाज आकड्यांत बांधण्याच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला इथरनेटसह प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात, आवाज दाबून लहान करणाऱ्या जी.७२९ मध्ये ३१. भारतात जी.७११ चा ए-लॉ प्रकार निवडावा. फायबरवर चार कॉलचे ३५० केबीपीएस म्हणजे काहीच नाही, तरी आवाज तुटतो. त्यामागे बहुतेक वेळा त्याच लाइनवरून क्लाउडवर चढणारे सीसीटीव्हीचे चित्रण असते. आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ची खूण लावून राउटरमध्ये त्यांना पहिला मान द्यावा आणि कॅमेऱ्यांच्या अपलोडला मर्यादा घालावी. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलताना अडखळल्यासारखे होत नाही.

राउटरमधले ‘एसआयपी एएलजी’ (कॉलच्या संदेशांत राउटरने स्वतः बदल करण्याची सोय) बंद करावे. एकाच बाजूचा आवाज येणे किंवा कॉल ठरावीक वेळाने तुटणे यांचे मूळ वारंवार तिथेच निघते. ओएनटी आणि स्वतःचा राउटर असे दोन्ही नॅट (आतले पत्ते बदलून बाहेर पाठवणे) करत असतील तर ओएनटी ब्रिजमध्ये (नुसते पुढे पाठवण्याच्या अवस्थेत) टाकून घ्यावा. बाहेर जाणारे कॉल ठीक, पण काही मिनिटांनी येणारे कॉल बंद, असे झाले तर नॅटची वाट मिटलेली असते. दर २० ते ३० सेकंदांनी जिवंतपणाची खूण पाठवण्याचे सेटिंग चालू करावे. बँकेच्या मेनूत एक आकडा दोनदा उमटत असेल तर डीटीएमएफ आवाजातूनही जातो आहे आणि वेगळ्या खुणेतूनही, त्यातला आवाजातला बंद करावा. गेटवेचे वेब पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये, मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि ०० ने सुरू होणारे परदेशी कॉल गरज नसेल तर बंदच ठेवावेत. उघडा गेटवे सापडला की रात्रीतून परदेशी कॉलचे मोठे बिल चढते.

फॅक्स : आवाज स्वच्छ येतो म्हणजे फॅक्सही जाईल, हा समज सर्वांत महागात पडतो. २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट हरवले तर कानाला कळतही नाही. फॅक्सच्या मॉडेमचा मात्र तेवढ्यात ताल चुकतो. म्हणून टी.३८ मध्ये गेटवे फॅक्सचे सूर नेटवर पाठवतच नाही. तो ते स्वतः उलगडतो, त्यातली माहिती पॅकेटांत भरतो आणि पलीकडचा गेटवे पुन्हा सूर तयार करतो. कॉल आधी साधा आवाजाचा म्हणूनच लागतो. घेणारे मशीन २,१०० हर्ट्झचा सूर देऊन आपली ओळख पाठवू लागले की त्या बाजूचा गेटवे कॉल टी.३८ वर वळवण्याचे दुसरे आमंत्रण धाडतो. पलीकडे सोय नसेल तर ४८८ (‘मान्य नाही’) असे उत्तर येते. अशा वेळी कॉल तुटू न देता जी.७११ वर परतण्याचे सेटिंग चालू हवे.

मशीनचा वेग सेकंदाला १४,४०० बिटांवर बांधावा. ३३,६०० चा सुपर जी-३ वेग टी.३८ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत बसत नाही, आणि पुष्कळ गेटवे अजून तीच आवृत्ती वापरतात. पॅकेट हरवण्याची भरपाई म्हणून आधीच्या पॅकेटांची प्रत जोडण्याचे सेटिंग ओळख-बोलणीसाठी ३ ते ४ आणि पानाच्या मजकुरासाठी १ ते २ ठेवावे.

टी.३८ मिळत नसेल तर जी.७११ वरूनच फॅक्स न्यावा लागतो. त्या पोर्टवर शांतता गाळणे बंद, प्रतिध्वनी शमन बंद, आवाजाची पातळी ० डेसिबल आणि जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेट सांभाळणारा साठा) स्थिर ठेवावा. बफर आपोआप लहान-मोठा होत राहिला तर पान अर्ध्यात तुटते. वेग ९,६०० वर आणावा. इतके करूनही लांबलचक फॅक्स शेवटाकडे तुटतो, त्याचे कारण घड्याळात असते. दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० चा फरक असेल तर सेकंदाला ०.४ नमुना मागे-पुढे होतो. ४०० सेकंदांत, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आत, तो साठून एका पॅकेटाएवढा होतो आणि तिथे घसरण होते. सहा-सात पाने सुरळीत जाऊन पुढचे तुटते ते असे. मोठे कागद चार-चार पानांच्या गठ्ठ्यांत पाठवणे हा त्यावरचा साधा उपाय.

चूक सुधारणारी ईसीएम सोय बंद केली की फॅक्स पूर्ण होण्याचे प्रमाण वाढते, पण बिघडलेल्या ओळी तशाच छापल्या जातात. पत्रापुरते ते चालेल. हळदीच्या पट्टीतला भाव किंवा रुग्णाच्या रिपोर्टातला आकडा जिथे वाचायचा असतो तिथे ईसीएम चालूच हवे, मग फॅक्स दोनदा करावा लागला तरी हरकत नाही. चाचणी एका ओळीच्या कोऱ्या कागदावर करू नये. दाट मजकुराची ५ पाने ‘फाइन’मध्ये, दोन्ही दिशांनी पाठवावीत, आणि कॉलच्या लॉगमध्ये टी.३८ चे आमंत्रण गेले की नाही हे पाहावे. फॅक्स पोहोचला एवढ्यावर तो टी.३८ वरून गेला असे ठरत नाही.

कायदा : भारतात इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात खुली झाली आणि २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना नेटवरून साध्या टेलिफोनवर कॉल देण्याची वाट मोकळी झाली. परदेशातून नेटवर आलेले कॉल एफएक्सओ किंवा सिमकार्डांतून स्थानिक लाइनवर सोडणे हा गुन्हा आहे. आपल्याच दोन शाखांत नेटवरून बोलणे वेगळे, आणि साताऱ्याच्या शाखेने नेटवरून येऊन सांगलीच्या लँडलाइनने बाहेर फोन लावणे वेगळे. दुसरा प्रकार करण्याआधी सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी परवानगी घ्यावी.

देखभाल : जुळणी पूर्ण झाल्यावर सेटिंगची फाइल काढून इमारतीबाहेर ठेवावी आणि प्रत्येक पोर्टला कोणता नंबर, कोणती जोडी आहे याची चिठ्ठी क्रोन बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवावी. कंपनीने ओएनटी बदलला किंवा तांब्याची लाइन फायबरवर नेली की टोन, लाइन व्होल्टेज आणि कॉलर आयडी ही तिन्ही सेटिंगे नव्याने मोजून भरावी लागतात.